गाड्या किती येतील? हा हिशोब आपल्या जिल्ह्याला जुना आहे

३१ डिसेंबर १९५०. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचं गाळप सुरू झालं. विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ, वैकुंठभाई मेहता ही नावं आपण शाळेपासून ऐकतो. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना, हेही पाठ आहे. पण त्या कारखान्याची एक बाजू फारशी कुणी सांगत नाही, ती म्हणजे गाड्यांची.

सुरुवातीची क्षमता होती रोज ५०० टन. आता बघा. बैलगाडीत सरासरी दीड टन ऊस धरला तर दिवसाला ३३३ गाड्या कारखान्यावर यायला पाहिजेत. कारखाना चोवीस तास चालतो, म्हणजे दर सव्वाचार मिनिटाला एक गाडी काट्यावर. पण गाड्या अशा घड्याळ लावून येत नाहीत. तोड पहाटे सुरू होते, गाडी भरायला वेळ जातो, मग दुपारनंतर गाड्यांची माळ लागते. रात्री गव्हाण रिकामी राहिली तर गाळप बंद पडतं. म्हणून कारखान्याला दोन गोष्टी कराव्या लागल्या. एक, कोणाचा ऊस कोणत्या दिवशी तुटणार याचं पाळीपत्रक. दोन, शे-दोनशे गाड्या बैलांसकट उभ्या राहतील एवढा गाडीतळ, कारखान्याच्या स्वतःच्या जागेत. शेतकी खातं, गट ऑफिस, चिटबॉय ही सगळी यंत्रणा एका प्रश्नाचं उत्तर रोज काढते: उद्या गाड्या किती येतील आणि कधी येतील?

हे काम कारखाने इतक्या काळजीनं का करतात? कारण गाडी थांबली की ऊस वाळतो, वजन घटतं, साखरेचा उतारा पडतो. नुकसान कारखान्याचं आणि सभासदाचं. ज्याच्या खिशातून जातं तो मोजतो.

आता दुसरीकडे या. जिल्ह्यात कुठंही मोठं दुकान, मॉल, ‘शॉपिंग कॉम्प्लेक्स’ येणार अशी कुणकुण लागली की चर्चा होते रोजगाराची, किराणा दुकानदारांच्या धंद्याची, जागेच्या भावाची. रोज संध्याकाळी तिथं गाड्या किती येतील, हा प्रश्न उद्घाटनानंतरच्या पहिल्या रविवारी पडतो. तेव्हा फाटकाबाहेर दोन सिक्युरिटीवाले शिट्ट्या वाजवत असतात आणि अॅम्ब्युलन्स मागं अडकलेली असते. दुकानापुढं गाडी थांबली तर दुकानाचं काही वाळत नाही. वाळतो रस्त्यावरचा माणूस.

मला बरेच जण विचारतात, ‘भाऊ, असं आधी मोजता येतं का?’ येतं. ती विद्या पाऊणशे वर्षं जुनी आहे, आणि आपल्या आठवडे बाजारांनी तर ती अनुभवानं त्याच्याही आधी शिकवलीय.

घोडेगावचा शुक्रवार घ्या. नगर–संभाजीनगर रस्त्यावर जनावरांचा बाजार. मंगळवारी त्याच ठिकाणी उभं राहून गाड्या मोजल्या तर कागदावर रस्ता मोकळा दिसेल. शुक्रवारी पिकअप, छोटा हत्ती, टेम्पो, मोटारसायकली, पायी चाललेली जनावरं. शनीशिंगणापूरचा फाटाही तिथंच, त्यामुळं अमावस्येचा शनिवार आला की पुन्हा वेगळंच चित्र. काष्टीला शनिवारी जाऊन बघा, तेच. गावातल्या कोणत्याही टपरीवाल्याला विचारा, तो सांगेल कोणत्या वारी कोणत्या वेळेला काय होतं. वाहतुकीच्या अभ्यासात याला मोठं नाव आहे, ‘पीक अवर’. आपल्याकडं पीक अवरला वार असतो, तिथी असते, लग्नाची तारीख असते.

नगर शहराचं बघा. १४९० मध्ये मलिक अहमदनं भिंगारजवळ बहामनी फौजेला हरवलं आणि पुढं तिथं शहर वसवलं. पेठा वसल्या, वेशी झाल्या. माळीवाडा वेस, दिल्लीगेट, मंगलगेट, नालेगाव, सर्जेपुरा. कापड बाजार, गंज बाजार, मोची गल्ली यांची रुंदी माणूस, घोडा, बैल आणि गाडा एवढ्यांचा विचार करून ठरलेली. १८५४ मध्ये नगरपालिका आली. १८७८ मध्ये दौंड–मनमाड रेल्वे सुरू झाली आणि माल स्टेशनाकडं वळला. नाक्यावर जकात होती तेव्हा निदान आत येणाऱ्या मालाची नोंद तरी व्हायची. जकात गेली, नेप्ती नाक्यासारखी नावं उरली.

१ जून १९४८ ला एसटीची पहिली गाडी धावली ती पुणे–नगर मार्गावर. नगरकर हे अभिमानानं सांगतात आणि सांगावंच. पण त्या गाडीबरोबर आणखी एक गोष्ट सुरू झाली. पाथर्डी, शेवगाव, जामखेड, पारनेर, श्रीगोंदा, एवढंच काय बीड जिल्ह्यातल्या आष्टी-पाटोद्याचा माणूस लग्नाचा बस्ता बांधायला नगरला येऊ लागला आणि संध्याकाळी घरी परतू लागला. शहराचा बाजार शहरापुरता राहिला नाही. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साडेतीन लाख होती आणि जिल्ह्याची ४५ लाखांच्या वर. क्षेत्रफळानं राज्यात सगळ्यात मोठा जिल्हा, १७ हजार चौरस किलोमीटरच्या पुढं. म्हणजे नगरमधल्या मोठ्या दुकानाचा अंदाज साडेतीन लाखांवर काढणारा माणूस पहिल्या पायरीलाच घसरला.

हे बाजाराचं ओढणं गणितात मांडायचा एक जुना प्रयत्न आहे. विल्यम रायली नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं १९३१ मध्ये ‘किरकोळ व्यापाराचं गुरुत्वाकर्षण’ मांडलं. दोन शहरांच्या मधल्या गावाचं गिऱ्हाईक कुणाकडं किती जाईल? शहर जितकं मोठं तितकी ओढ जास्त, आणि अंतर वाढलं की ओढ अंतराच्या वर्गानं कमी होते. न्यूटनचा नियमच, ग्रहांऐवजी बाजारपेठा. सुप्याचा माणूस नगरला जाईल की पुण्याला, हा प्रश्न याच जातीचा. नियम ढोबळ आहे, पण एक गोष्ट पक्की सांगतो: दुकानाचं गिऱ्हाईक गल्लीपुरतं नसतं आणि ते कुठल्या रस्त्यानं येणार हेही आधीच काढता येतं.

युद्धानंतर अमेरिकेत मोटारी वाढल्या. १९५० च्या दशकात डेट्रॉइट आणि शिकागोमध्ये घरोघरी जाऊन विचारलं गेलं: काल तुम्ही कुठून कुठं गेलात, कशानं, कशासाठी? त्यातून ‘जमिनीचा वापर बदलला की फेऱ्या बदलतात’ हे आकड्यांत आलं. १९५६ मध्ये मिनेसोटात साउथडेल नावाचा बंदिस्त, वातानुकूलित मॉल उघडला, त्याच्याभोवती पाच हजारांवर गाड्यांची पार्किंग. तो बांधणारा व्हिक्टर ग्रुएन म्हातारपणी या मॉलसंस्कृतीवरच वैतागला होता, असो. १९७६ मध्ये तिथल्या वाहतूक अभियंत्यांच्या संस्थेनं एक जाडजूड पुस्तक काढलं: हजार चौरस फूट दुकान असेल तर तासाला किती गाड्या, दवाखाना असेल तर किती, शाळा असेल तर किती. त्याच्या आवृत्त्या अजून निघतात.

हे दर जसेच्या तसे उचलून इथं लावले तर फसगत होते. तिथं गिऱ्हाईक मोटारीनं येतं. आपल्याकडं मोटारसायकलवर नवरा-बायको, मधे पोरगं, हँडलला दोन पिशव्या. आणि रस्त्याच्या कडेला भेळेची गाडी, रिक्षा स्टँड, केळीवाला. दुकान आलं की हे सगळं आपोआप येतं, ते कुठल्याही प्लॅनवर दाखवलेलं नसतं.

आपल्याकडची सोय वेगळी आहे. इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था १९३४ पासून रस्त्यांचे मापदंड ठरवते. शहरी रस्त्यांच्या क्षमतेचं त्यांचं पुस्तक १९९० चं, क्रमांक १०६. त्यात सगळी वाहनं एका मापात आणली आहेत. मोटार म्हणजे १ युनिट, तिला पीसीयू म्हणतात. दुचाकी ०.५ ते ०.७५, रिक्षा १.२ ते २, ट्रक आणि बस २.२ ते ३.७, ट्रॅक्टर-ट्रॉली ४ ते ५. रस्त्यावर त्या वाहनाचं प्रमाण जास्त असेल तर मोठा आकडा घ्यायचा. या यादीत टांगा आहे, हातगाडीही आहे, आणि हातगाडीला मोटारीपेक्षा दुप्पट-तिप्पट जागा धरली आहे. ज्यानं यादी केली त्यानं आपले रस्ते पाहिलेले होते.

त्याच पुस्तकात रस्त्याची क्षमता दिली आहे, आणि माझ्या मते सगळ्यात कामाची गोष्ट तीच आहे. दोन पदरी, दोन्ही बाजूंनी वाहतूक असलेला रस्ता. कडेला फाटकं नाहीत, गाडी उभी नाही, आडवी वाहतूक जवळपास नाही, तर तासाला १,५०० पीसीयू. कडेला दुकानांची फाटकं आहेत पण रस्त्यावर गाडी उभी राहत नाही, तर १,२००. फाटकं आहेत, गाड्या उभ्या आहेत, माणसं आडवी जातात, तर ९००. डांबर तेवढंच, रुंदी तेवढीच. कडेला काय आहे त्यावर रस्ता दीड हजाराचा नऊशेवर येतो.

आता कारखान्यासारखा हिशोब दुकानाचा करू. आकडे मी नमुन्याला धरतोय, पद्धत बघा.

समजा, तीस-चाळीस हजार चौरस फुटांचं दुकान, बिलिंगचे बारा काउंटर. काउंटर म्हणजे दुकानाचा वजनकाटा. रविवारी संध्याकाळी एका बिलाला तीन मिनिटं लागली तर एका काउंटरवर तासाला २० बिलं, बारा काउंटरवर २४०. म्हणजे २४० कुटुंबं. त्यातली १४४ दुचाकीवर, ६० मोटारीनं, २४ रिक्षानं, उरलेली १२ पायी, असं धरू. दुचाकीचे ०.७५ नं १०८, मोटारीचे ६०, रिक्षाचे १.२ नं २९. बेरीज १९७. पण आलेला माणूस परतही जातो. म्हणजे दुप्पट, तासाला सुमारे ४०० पीसीयू. यात माल उतरवणारा ट्रक धरलेला नाही, दुकानातल्या शे-सव्वाशे कामगारांच्या गाड्या धरलेल्या नाहीत, नुसतं फिरून रिकाम्या हातानं जाणारेही धरलेले नाहीत.

विकासक म्हणेल, सगळे नवीन कुठं? काही जण त्याच रस्त्यानं घरी चाललेत, जाता जाता साबण घेतील. बरोबर आहे, अभ्यासातही अशी वजावट करतात. पाव भाग वजा करू. ३०० उरले.

दुकान यायच्या आधी त्या रस्त्यावर तासाला ७०० पीसीयू होते असं समजा, आणि रस्ता १,२०० वाला. चांगला चाललाय. दुकान आलं, ७०० चे १,००० झाले. अहवालात लिहिलं जाईल: क्षमता १,२००, वाहतूक १,०००, काळजी नसावी. पण दुकानाबरोबर कडेला गाड्या लागल्या, भेळ आली, रिक्षा थांबल्या, आणि रस्ता ९०० वर आला. हजार गाड्या नऊशेच्या रस्त्यावर. गिऱ्हाईक वाढल्यानं जेवढं झालं, जवळपास तेवढंच रस्ता आवळल्यानं झालं, आणि हा दुसरा अर्धा भाग अहवालात सहसा धरलाच जात नाही. वजावट केलेल्या गिऱ्हाइकाचंही तसंच. तो रस्त्यावर नवा नाही हे खरं, पण फाटकाशी वळतो, थांबतो, पुन्हा घुसतो. सरळ जाणाऱ्या गाडीपेक्षा वळणारी गाडी मागच्यांना जास्त थांबवते.

ऊस हंगामात याच रस्त्यावर दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर येतो तेव्हा काय होतं, हे राहुरी, कोपरगाव, श्रीगोंद्याच्या लोकांना सांगायला नको. आज रोज पाच हजार टनांचा कारखाना धरा, एका ट्रॅक्टरला वीस टन, तर २५० खेपा भरून आणि २५० रिकाम्या. एका ट्रॉलीचेच ४ ते ५ पीसीयू, दोन ट्रॉल्यांचे तुम्हीच ठरवा. दुकानाचा अभ्यास मे-जूनमध्ये केला तर यातलं काहीच दिसणार नाही.

मोठ्या शहरांत हा हिशोब चुकला किंवा झालाच नाही, तेव्हा काय झालं? मुंबईचा घाऊक बाजार मशीद बंदर, क्रॉफर्ड मार्केट या भागात होता. क्रॉफर्ड मार्केट १८६९ चं. पुढं ट्रकांनी रस्ते इतके कोंडले की बाजारच उचलावा लागला. १९८१ मध्ये कांदा-बटाटा वाशीला गेला, १९९६ मध्ये भाजी-फळं. नगरचा कांदा तेव्हापासून वाशीला उतरतो. वाशीत गाळ्यांसोबत ट्रक उभे राहायची जागाही आखली गेली. अपुरी पडते ती गोष्ट वेगळी, पण आखली गेली.

लोअर परळ-परळमध्ये उलटं झालं. गिरण्या बंद पडल्या. १९९१ च्या विकास नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले: मोकळी जागा, परवडणारी घरं आणि मालक. २००१ मध्ये नियम बदलला, सार्वजनिक वाटा आक्रसला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि मार्च २००६ मध्ये तो बदल कायम राहिला. गिरण्यांच्या जागी मॉल आले, ऑफिसांचे मनोरे आले. पूर्वी कामगार बहुतेक चाळीतून चालत गिरणीत जायचा. आता लाखो माणसं लोकलनं यायला लागली, पूल मात्र गिरणीच्या काळातल्या गर्दीचे. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी एल्फिन्स्टन रोड–परळच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. त्या सकाळी पाऊस होता, लोक जिन्यात आडोशाला थांबले, चौकशीत पावसाचं कारण आलं. पण एवढी माणसं त्या जिन्यात रोज का होती, याचं उत्तर जमिनीच्या वापरात आहे.

आपल्याकडं अशी वेळ येणार नाही, म्हणून सोडून देऊ नका. नगरमध्ये नोव्हेंबर २०२२ मध्ये उड्डाणपूल खुला झाला, सक्कर चौकातून सुमारे तीन किलोमीटर. चांगलं झालं, पुण्याहून संभाजीनगरला जाणारा वरून जातो. पण जो शहरात वळतो, दुकानात थांबतो, दवाखान्यात जातो, तो खालीच आहे. सरळ जाणाऱ्यासाठी शेकडो कोटी खर्च झाले आणि वळणाऱ्याचा हिशोब कुणाच्याच वहीत नाही.

मग नियम काय म्हणतो? २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर आणि त्यावरच्या बांधकामाला आधी पर्यावरण मंजुरी लागते. त्या अर्जात सरळ विचारलंय: पार्किंगची टंचाई होईल का, सध्याची वाहतूक व्यवस्था कशी आहे, फाटकाशी नियोजन काय? उत्तम प्रश्न. पण २०,००० चौरस मीटर म्हणजे सुमारे दोन लाख पंधरा हजार चौरस फूट. आपण वर धरलेलं दुकान त्याच्या पाचव्या हिश्शाएवढंही नाही. तालुक्याच्या गावात येणारी बहुतेक मोठी दुकानं या दाराशी पोचतच नाहीत. डिसेंबर २०२० पासून राज्यात एकत्रित बांधकाम नियमावली आहे, तिच्यात पार्किंगचा तक्ता आहे. बहुतेक ठिकाणी चर्चा तिथंच थांबते: एवढ्या चौरस मीटरला एवढ्या मोटारी, एवढ्या दुचाकी, जागा दाखवली, शिक्का पडला. पार्किंग म्हणजे गाडीतळ. गाडीतळ भरला तर रांग कुठपर्यंत जाईल, हे तक्ता सांगत नाही. आणि पार्किंगची जागा दाखवली पण तळघरात गोदाम केलं, हे तर कोणत्या गावात नाही?

नगरपालिकांचे अधिकारी म्हणतात, आमच्याकडं मोजायला माणसं नाहीत. खरं आहे, नगररचना विभागात दोन-तीन जण आणि फायलींचा ढीग. पण मोजणीला फार काही लागत नाही. चार पोरं, चार वह्या, दोन तास. इंजिनिअरिंग कॉलेजं जिल्ह्यात भरपूर आहेत, सिव्हिलच्या मुलांना प्रोजेक्ट हवाच असतो. चालू असलेल्या तशाच दुकानाच्या दारात उभं राहून आत-बाहेर गाड्या मोजायच्या आणि नव्या जागेच्या रस्त्यावर त्याच वेळी मोजायच्या. विकासकाचा सल्लागार मोजणार असेल तर खुशाल मोजू दे, पण दिवस आणि जागा पालिकेनं ठरवावी. नाहीतर तो मंगळवारी दुपारी बारा वाजता मोजेल, आणि त्याची चूकही म्हणता येणार नाही.

आपल्या हातात दोन कागद आहेत. जागेचं आरक्षण किंवा झोन बदलायचा असेल तर १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली नोटीस निघते, हरकती-सूचना मागवतात, महिन्याची मुदत असते. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात येते, आमच्या धंद्यातले लोकही ती वाचत नाहीत. आणि दुकान राष्ट्रीय महामार्गावर असेल तर फाटक जोडायला २००२ च्या महामार्ग कायद्यानुसार महामार्ग प्रशासनाची परवानगी लागते. ती घेतली का, तिच्यासोबत कोणता नकाशा जोडला, हे माहिती अधिकारात मिळतं. मनमाड रोड, कल्याण रोड, पाथर्डी रोड हे सगळे राष्ट्रीय महामार्ग आहेत, त्यामुळं आपल्या जिल्ह्यात हा अर्ज बऱ्याच ठिकाणी लागू पडतो.

हरकत लिहिताना ‘वाहतूक कोंडी होईल’ एवढंच लिहू नका, त्याला ‘योग्य ती काळजी घेण्यात येईल’ असं छापील उत्तर ठरलेलं आहे. काउंटर किती, गर्दीच्या तासाला बिलं किती, फाटक कोणत्या रस्त्यावर, त्या रस्त्याची क्षमता कडेला गाड्या उभ्या धरून काढली की न धरता, माल कोणत्या वेळेला उतरणार, आणि मोजणी कोणत्या तारखेची, हे विचारा. तारीख तुम्हीच सुचवा: दिवाळीच्या आधीचा रविवार, संध्याकाळी सहा ते आठ. आणि ऊस चालू असलेल्या भागात असाल तर जानेवारीतली आणखी एक.